बेलाआंटींची बोटं

आधीच सांगून टाकते, चूक माझी होती. हदार नंतर दहा वेळा म्हणाली की तुझं काही चुकलं नाही गं, पण त्याला काय अर्थ? इंग्लंडात बेसिंगस्टोकच्या एका बिझनेस पार्कात गेली चौदा वर्षं मी लोकांचे कॉम्प्युटर जुन्या सिस्टीमवरून नव्या सिस्टीमवर नेण्याचाच पगार घेते. दुसऱ्या कोणी हा घोळ घातला असता तर मी त्याला उभा सोलला असता.

हदार म्हणजे बेलाआंटींची मुलगी, इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. आंटी तिच्याकडेच राहतात, आमच्या घरापासून तीन गल्ल्या सोडून. वय एक्याऐंशी. मूळच्या ठाण्याच्या, बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी बोलणारे ज्यू. ठाण्याला कलेक्टर कचेरीत तीस वर्षं मराठी टायपिस्ट होत्या. आमची ओळख झाली ती सर्जरीत, म्हणजे इथल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात. समोरची रिसेप्शनिस्ट मान वर न करता स्क्रीनकडे बघूनच बोलत होती, आणि माझ्या मागे कोणीतरी शुद्ध मराठीत पुटपुटलं, "हिला काय माणसं दिसतच नाहीत वाटतं." मला हसू फुटलं. त्या दिवसापासून दर बुधवारी मी ऑफिस सुटलं की त्यांच्याकडे चहाला जाते. त्यांच्या दाराच्या चौकटीला मेझुझा, म्हणजे आत प्रार्थना ठेवलेली ज्यूंची लांबट डबी, माझ्या हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो. पण चहात आलं किती घालायचं याबाबत आमचं एकमत आहे.

एका गोष्टीवरून मात्र मी चिडायचे. आंटी मला आशा म्हणायच्या. आशा ही त्यांच्या कचेरीतली मैत्रीण, शेजारच्या मशीनवर बसणारी. मी दोन वर्षं दुरुस्त करत राहिले, "आंटी, कल्याणी." त्या "हो गं हो" म्हणायच्या आणि पुढच्या वाक्याला पुन्हा आशा. शेवटी एकदा हदारने मला किचनमध्ये ओढलं आणि हळूच सांगितलं की डॉक्टरांनी आईची टेस्ट केली आहे, विसरायला सुरुवात झाली आहे आणि ते आता वाढतच जाणार. हदार इथेच वाढलेली, तिची मराठी अडखळत चालते. म्हणाली, "आधी नाव जातो, मग बाकी." त्यानंतर मी मुकाट्याने आशा झाले. तरी चीड यायची, आणि येते म्हणून स्वतःचीही यायची.

आंटींचा जीव एका गोष्टीत अडकलेला होता. त्यांच्या वडिलांनी लिहिलेलं कीर्तन. मला तर हे माहीतच नव्हतं, की यांच्यात कीर्तन होतं, तेही मराठीत, आणि त्यात गोष्टी सगळ्या त्यांच्या ग्रंथातल्या. वडिलांनी जलप्रलयातून तरलेल्या नोहाच्या तारवावर दोनशे बारा ओव्या रचल्या होत्या. दर फेब्रुवारीत लंडनला एका हॉलमध्ये सगळे जमतात, पोहे, गूळ, खोबरं, फळं घालून मलिदा करतात, त्यांच्या प्रेषिताचं, एलियाहू हनाबीचं नाव घेतात, आणि मग आंटी त्यातल्या वीसेक ओव्या म्हणतात. तेवढ्याच छापायच्या. कार्यक्रम झाला की ते कागद कोणाच्या पिशवीत जातात कोणास ठाऊक. मूळ वही लॉफ्टमध्ये, घराच्या माळ्यावर होती. तिथली पाण्याची टाकी फुटली आणि वहीचा लगदा झाला. नशीब, की त्याआधीच आंटींनी ती अख्खी टाइप करून ठेवली होती. मला एकदा म्हणाल्या होत्या, "डोक्यातनं चाललंय ना, म्हणून मशीनमध्ये ठेवलंय."

आणि मी त्या मशीनला हात घातला.

ऑक्टोबरात जुन्या विंडोजचे अपडेट बंद होणार म्हणून त्यांच्या स्क्रीनवर रोज पाटी यायला लागली. आंटी घाबरल्या. तो डबा इतका म्हातारा, की नवीन सिस्टीम त्याच्यावर चढेना. मी म्हटलं, काळजी नको, मी आहे ना. हदारने नवीन लॅपटॉप आणला, मी सगळ्या फाइली मोजून त्यावर घेतल्या. मग कामावर करते तशी शिस्तीत जुनी डिस्क पार पुसून टाकली आणि डबा कौन्सिलच्या टिपवर, म्हणजे कचरा डेपोत नेऊन दिला. फार हुशारी वाटली स्वतःची. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते उगाच नाही.

जानेवारीच्या शेवटच्या बुधवारी मी गेले तर आंटी लॅपटॉपसमोर बसलेल्या. मलिदा रविवारी होता. त्यांनी कीर्तनाची फाइल उघडली होती आणि त्यात एकही मराठी अक्षर नव्हतं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, टोप्या, चांदण्या, डोळ्यांच्या डॉक्टरकडे वाचायला लावतात तसं काहीतरी. माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

काय झालं ते मला अर्ध्या मिनिटात कळलं, आणि कळलं म्हणूनच जास्त वाईट वाटलं. पूर्वी कॉम्प्युटरला मराठी येत नव्हती. लोक त्याला फसवायचे. तो आपला इंग्रजी अक्षरं साठवतोय असं समजायचा, आणि वर एक फाँट असायचा, जो प्रत्येक इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षर काढून दाखवायचा. फाँट आहे तोवर मराठी. फाँट गेला की उरतो हा कचरा. मी फाइली आणल्या, फाँट पुसला. फोनवर मराठी टाइप करत मोठी झालेली मी, माझ्या डोक्यातच आलं नाही.

बाजारातला फाँट असता तर कुठूनही मिळाला असता. पण हा ठाण्यातल्या शशी नावाच्या डीटीपीवाल्याने खास आंटींसाठी बनवून दिलेला. त्यांची बोटं जुन्या टाइपरायटरला सरावलेली, म्हणून त्याने अक्षरं त्या हिशेबाने बसवली, काही स्वतःच्या मर्जीने हलवली, आणि सीडीवर घालून दिली. सीडी लॉफ्टमध्ये, वहीच्या शेजारी होती, लगद्याबरोबर तीही कचऱ्यात गेली. शशी जाऊन दहा वर्षं झाली. मी इंटरनेटवरची तीन-चार रूपांतराची साधनं चालवून पाहिली. कचऱ्यातून वेगळा कचरा निघाला. हदार दारात उभी होती, म्हणाली, "सगळा फाइल गेली?" मी फाइल बंद करून पुन्हा उघडली.

आंटी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "आशा, मला आता पहिल्या चार ओव्या येतात. पाचवी येत नाही."

मी रडले नाही, पण ते कसं जमलं ते माझं मलाच माहीत. काहीतरी करायचं म्हणून विचारलं की आंटी, कुठलं अक्षर कुठल्या बटणावर होतं ते आठवतंय का? "क" कुठे होता? त्यांनी खूप विचार केला. नाही म्हणाल्या. मी लॅपटॉप पुढे सरकवला. त्यांनी त्यावर बोटं ठेवली आणि लगेच उचलली. ही बटणं सपाट, बोट घसरतं, माझा कीबोर्ड कुठाय?

माझ्या गाडीच्या बूटमध्ये, म्हणजे डिकीत, काय काय पडलेलं असतं यावरून माझा नवरा मला नेहमी बोलतो. त्या दिवशी पहिल्यांदा मी आळशी असल्याचं सार्थक झालं. डबा टिपवर गेला होता, पण त्याचा कीबोर्ड ऑक्टोबरपासून बूटमध्येच, छत्री आणि बटाट्याच्या रिकाम्या पोत्याखाली. पावसात धावत जाऊन आणला, ओढणीने पुसला. लॅपटॉपला त्याची पिन बसेना. आंटी म्हणाल्या, राहू दे, जोडू नकोस.

त्यांनी तो टेबलावर ठेवला, वायर खाली लोंबकळत. पाठ ताठ केली. डोळे मिटले. एरवी चहाचा कप उचलताना थरथरणारे ते हात, पण आठ बोटं बटणांवर अशी बसली की मी बघतच राहिले.

"वाच," त्या म्हणाल्या. "काय दिसतंय ते एकेक अक्षर वाच."

मी वाचलं. यू, के. मनात म्हटलं, वा, सुरुवात तर देशाच्या नावानेच आहे. पुढे एस, जी, के.

आंटींची बोटं हलली. टक, टक, टक. कशालाच न जोडलेला कीबोर्ड, त्यात काही जात नव्हतं, त्यातून काही येत नव्हतं. ओठ बोटांच्या मागून चालले होते. न. काना. मात्रा. ह. काना.

"नोहा," आंटी म्हणाल्या.

हदार तोंडावर हात ठेवून खाली बसली. मी पुढची ओळ वाचली, मग तिच्या पुढची. डोक्यावर टोपी घातलेली ए आली, दोन टिंबवाली ओ आली, तर त्या म्हणायच्या, ही बटणावर नाही, हिला नंबर आहे, आणि उजवा हात बाजूच्या आकड्यांवर जाऊन चार आकडे मारायचा. "हा रफार." सकाळी गोळी घेतली का ते ज्या बाईला दुपारी आठवत नाही, तिला रफाराचा चार आकडी नंबर पाठ होता. तिला म्हणजे तिच्या बोटांना. "क" कुठे आहे हे विचारलं तर सांगता येईना, आणि मी इंग्रजी "डी" म्हटलं की बोट जाऊन ओठांवर "क" हजर. मी इतकी वर्षं मशीनच्या मेमरीची कामं करते आहे, इतकं गिगाबाइट, तितकं गिगाबाइट. असली मेमरी मी बापजन्मात पाहिली नव्हती.

मधूनच मी मुद्दाम पाचव्या ओवीवर उडी मारली. अक्षरं वाचत गेले. आंटींची बोटं चालत राहिली, आणि शेवटी डोळे मिटलेले असतानाच त्या सावकाश चालीत म्हणाल्या:

"सोडिला पारवा आभाळी । परतला तो सांजवेळी । चोचीत कोवळी डहाळी । नोहा म्हणे, जमीन आहे ॥"

म्हणून झाल्यावर डोळे उघडले आणि मला विचारलं, ही कुठली? मी म्हटलं, पाचवी. त्यांनी कीबोर्डवरून हात फिरवला.

हदारने दुसऱ्या दिवशी रजा टाकली, मीही टाकली. जेवढी चिन्हं त्या फाइलमध्ये होती तेवढी सगळी मी आंटींच्या बोटांना विचारली आणि लिहून घेतली. एकशे तेवीस निघाली. मध्ये दमल्या की थांबायचो. मग हदार खोबऱ्याच्या करंज्या आणायची. दोनदा आंटींनी मला विचारलं की आपण हे काय करतोय, आणि मी दोन्ही वेळा पहिल्यापासून सांगितलं. तीच मी, जिच्या कपाळावर सासूने एक प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की आठी पडते. शुक्रवारी दुपारी, शब्बाथचे, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे लागायच्या आधी, मी त्या यादीवरून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, हदारला मागे उभं केलं आणि बटण दाबलं. दोनशे बारा ओव्या डोळ्यांचं पातं लवतंय तोवर मराठीत उभ्या राहिल्या. जे टाइप करायला आंटींना अकरा महिने लागले होते ते. त्या क्षणी मला मशीनचंही नवल वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याला शिकवलं कोणी, तर त्या थरथरत्या बोटांनी.

आंटी स्क्रीनजवळ वाकून वाचत होत्या. बराच वेळ वाचलं. एके ठिकाणी थांबून म्हणाल्या, इथे ऱ्हस्व हवा होता, माझीच चूक. मग माझ्याकडे वळल्या.

"तू फार केलंस गं. तुझं खरं नाव काय? आशा नाही ना?"

मी सांगितलं, कल्याणी. त्यांनी मान हलवली, कीबोर्ड पुढे ओढला, डोळे मिटले आणि हळूहळू टाइप केलं. मग पुन्हा केलं. तिसऱ्यांदा बोटं भराभर गेली.

रविवारी लंडनच्या हॉलमध्ये त्यांनी वीस नाही, तीस ओव्या म्हटल्या. मी मागच्या रांगेत बसून दोनदा मलिदा खाल्ला.

पुढच्या बुधवारी मी चहाला गेले तेव्हा दार आंटींनीच उघडलं. माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर ओळख नव्हती, साधी आशासुद्धा नव्हती. मग त्यांचा हात दाराच्या चौकटीवर गेला, मेझुझाच्या खाली, आणि लाकडावर बोटं हलली. टक, टक, टक.

"कल्याणी," त्या म्हणाल्या. "आत ये, आलं किसून ठेवलंय."