मले सही येते

दारासमोर जीप थांबली की मला अजून भेव वाटतं. आता भिलाईजवळच्या बोरसीत पक्क्या घरात राहते, नातवाचे दोस्त जीप घेऊन येतात, हॉर्न वाजवतात, आणि मी हातातलं काम टाकून आतल्या खोलीत जाऊन बसते. नातू हसतो. हसू दे मेल्याला. भिलाईचा कारखाना उभा होत होता तेव्हा एका जीपनं माझ्या दारात काय आणून टाकलं, ते त्याला कुठं ठाऊक आहे!

आम्ही भंडाऱ्याकडची माणसं. आमचे हे बांधकामावर खलाशी होते, म्हणजे लोखंडाचे मोठमोठे तुकडे साखळीनं उचलून जागेवर बसवायचे. मरोदा गावाच्या अंगाला टिनाच्या खोल्या होत्या, त्यातली एक आमची. नोकरी कच्ची. आज पक्की होईन, उद्या पक्की होईन, असं दीड वर्ष ऐकून राहिलो होतो.

बुद्धाचा धम्म घेऊन आम्हाला फार दिवस झाले नव्हते. वस्तीत बायांचा वर्ग सुरू झाला होता. दुपारी भांडी घासली की आम्ही आठ-दहा जणी पाट्या घेऊन बसायचो. गुरुजी आमच्यातलेच, रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांचा एकच हट्ट. "पुस्तक नाही वाचलं तरी चालन, पण कोण्या कागदावर अंगठा द्यायचा नाही. बापदाद्यानं अंगठे दिले अन् काय झालं ते पाह्यलं ना? सही करायची." सहा महिन्यांत मला माझं नाव लिहिता यायला लागलं. बाप्पा, काय तो आनंद! चुलीच्या राखेत लिही, कोळशानं टिनावर लिही. हे चिडवायचे, "आता काय कलेक्टर होऊन राहिली का तू?" मी म्हणायची, "होईन! तुमाले काय करायचं?"

आता त्या माणसाचं सांगते. रूसी इंजिनिअर रूसीत हुकूम द्यायचे आणि एक रूसी दुभाषी तो हुकूम हिंदीत सांगायचा. उंच, हडकुळा, उन्हानं नाक सोललेलं. एकदा साखळी सुटली तेव्हा त्यानं ओरडून यांना बाजूला ओढलं, नाहीतर यांचा उजवा हात गेला असता. तेव्हापासून तो आमच्याकडे जेवायला यायचा. मला बहन म्हणायचा, मी त्याला भाऊ. हिंदी सगळी पुस्तकातली. माझी चटणी खाऊन डोळ्यांतून पाणी काढत म्हणायचा, "बहन, आज की चटनी अत्यंत क्रोधित है." आम्ही हसून हसून लोळायचो. माझी सही त्यानं टिनावर पाहिली होती. अक्षरावरून बोट फिरवून म्हणाला, "अपना नाम लिखना बड़ी बात है."

एका दुपारी तो आला आणि ताटाला हातच लावेना. हे पण घरी होते. मग त्यानं सांगायला सुरुवात केली. त्याच्या देशातल्या, त्याच्या गावच्या एका कारखान्यात स्फोट झाला होता. माणसं मेली, आणि कागदावर कोणीच मेलं नाही. मेलेल्यांत त्याचा भाऊ होता. यानं एकेकाच्या घरी जाऊन नावं लिहून घेतली होती, आणि इथं आल्यावर ती यादी एका परदेशी पेपरवाल्याला दिली. यादी छापून आली. आता त्याला तार आली होती, पुढच्या विमानानं परत या.

"तुमी परत गेले तं ते काय करतीन?" मी विचारलं.

त्यानं यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाला की दिल्लीत दुसऱ्या एका देशाची वकिलात आहे, तिच्या फाटकाच्या आत पाय पडला तर वाचेन. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला नाही.

त्यानंतरचे चार दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. कोणी मोठ्यानं बोललं तरी दचकायची. पेपरात आलं की तो फाटकाच्या आत पोचला, पण भेव काही गेलं नाही, उलट वाढलं. त्याचा देश म्हणे आमचा माणूस परत द्या, वकिलातवाले म्हणे देणार नाही, त्यानं आसरा मागितला आहे. आपलं सरकार दोघांच्या मध्ये अडकलेलं. कामावर अफवा उठली की रूसी लोक रागानं निघून जातील आणि भट्टी अर्धीच राहील. हे घरी येऊन डोकं धरून बसायचे. "एका माणसापायी साऱ्याईचं पोट जाईन," म्हणायचे, आणि लगेच स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहून गप्प व्हायचे.

पाचव्या दिवशी जीप आली. हे कामावर होते. जीपमधून दोन रूसी उतरले आणि आपला एक साहेब, हातात फाइल. साहेब कुठल्या ऑफिसचा, ते मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.  मी पदर सारखा केला आणि पाट पुढं सरकवला.

साहेब गोड बोलला. "डरो मत. वो आपके यहाँ खाना खाने आता था ना?"

"हाँ जी, आता था."

"बस, यही लिखा है इसमें. इतना ही."

त्यानं इंग्रजीत टाइप केलेला कागद पाटावर ठेवला. आणि मला न विचारता खिशातून शाईच्या पॅडची डबी काढली, उघडली, माझा डावा हात धरायला हात पुढे केला.

माझ्या अंगात काय शिरलं कोणास ठाऊक! चार दिवसांचं भेव एका झटक्यात बाजूला झालं आणि राग आला. मला अंगठेबहाद्दर समजतो का हा? मी हात मागं घेतला आणि म्हटलं, "मले सही येते." त्याला मराठी कळलं नाही, म्हणून पुन्हा हिंदीत सांगितलं. तो रूसी लोकांकडे पाहून हसला आणि खिशातला पेन काढून दिला. मी पाटाजवळ मांडी घालून बसले आणि एकेक अक्षर काढून पूर्ण नाव लिहिलं. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. वरची रेघसुद्धा सरळ ओढली.

सरकारी कागदावरची ती माझी पहिली सही.

आठवड्यानं गुरुजींनी वर्गात इंग्रजी पेपर आणला. वाचून सांगायला लागले की तो दुभाषी राजकारणापायी पळालाच नाही म्हणे. भिलाईतल्या एका मजुराच्या बायकोवर त्यानं हात टाकला, तिनं तसं लिहून दिलं आहे, आणि म्हणून तो गुन्हेगार आहे, गुन्हेगाराला आसरा देता येत नाही. कागद दिल्लीत वकिलातवाल्यांना दाखवला आहे. गुरुजी चष्मा पुसत म्हणाले, "अशी कोण बाई असन बाप्पा?"

माझ्या हातातली पाटी खाली पडली. कोणाच्या लक्षात आलं नाही. मी घरी आले आणि दार लावून घेतलं.

हे आले तेव्हा सगळं सांगितलं. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी काढलेला सदरा पुन्हा घातला आणि म्हणाले, "चाल, आत्ताच जाऊन सांगू, खोटं हाये म्हणून." भेव त्यांनाही होतं, पण आले. दोन-तीन दारं फिरून तो साहेब सापडला.

त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अंगूठा होता तो मान लेते कि अनपढ़ औरत थी, धोखा हो गया. ये दस्तख़त है. पढ़ी-लिखी औरत ने सोच-समझकर किया है. अब पलटोगी तो झूठे बयान में जेल जाओगी. और तुम," यांच्याकडे पाहून, "पक्के होने वाले हो ना?"

 घरी आल्यावर हे एवढंच म्हणाले, "आता चूप राय." आणि मी चूप राहिले. रोज जीपचा आवाज ऐकायची आणि वाटायचं, आता मला न्यायला आले. शेजारणीकडे साखर मागायला जायचंही बंद केलं. तिला कळलं तर? ती काय समजेल? मला कोणी हात लावला नव्हता आणि तरी मी तोंड लपवून फिरत होते.

पंधरा दिवसांनी बातमी आली. वकिलातीचं फाटक उघडलं आणि तो बाहेर आला. विमानात बसवून नेला. त्यानंतर त्याचं काय झालं, कोणालाच कळलं नाही. यांची नोकरी पुढच्या महिन्यात पक्की झाली. आम्ही पेढे वाटले नाहीत.

त्याच्या जागी नवा दुभाषी आला. वयानं मोठा, कमी बोलणारा. एका रविवारी घर विचारत विचारत आला, इकडं तिकडं पाहिलं, आणि दारातच उभा राहून हिंदीत म्हणाला की मी दिल्लीत होतो, आमच्या लोकांसोबत वकिलातीतल्या त्या खोलीत होतो. वकिलातवाल्यांनी माझ्या भावाला तो कागद दाखवला, विचारलं, हे खोटं आहे का? खोटं असेल तर सांग, आम्ही त्या बाईला दिल्लीला बोलावायला लावतो, सगळ्यांसमोर विचारतो.

"मग? काय म्हणाला भाऊ?" मी विचारलं.

त्यानं म्हणे सहीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "सही तिचीच आहे. पाहा, अक्षर कसं कापतंय. फार घाबरली असेल बिचारी. तिला बोलावू नका." आणि कोट घालून उठला.

नवा दुभाषी हात जोडून निघून गेला. मी दाराशीच बसले, आणि रडूही येईना.

भाऊ, मी भ्याले होते, आधी भ्याले आणि नंतर तर जन्मभर भ्याले. पण तेवढ्या घडीला नाही. माझं अक्षर तर नेहमीच कापायचं, सहा महिन्यांची शिकलेली बाई मी. ती सही करताना मला कोणाचंच भेव नव्हतं. माझी मान वर होती, आणि तो साहेब पाहतो आहे ना, एवढंच मी पाहत होते.