रेषेबाहेरचा मळा

नकाशावर गावाभोवती रेषा काढायची आणि तिच्या आतल्या प्रत्येक मोबाइलवर पुराची सूचना वाजते का ते तपासायचं, हे माझं काम. आमच्या गावाची रेषा मीच काढली होती, गावठाणाच्या कडेकडेने. घरं तिथे, म्हणून माणसंही तिथेच असणार, असं मी धरून चाललो.

मक्याची कणसं भरली की आमच्याकडची माणसं राखणीला नदीकाठच्या मळ्यात, खोपीत राहतात. नकाशाला घरं दिसतात. कोणत्या महिन्यात कोण कुठे निजतं, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. मला ते लहानपणापासून ठाऊक होतं. गेल्या पुरात गावात घरोघरी फोन वाजले. खोपीत दादाचा वाजला नाही. दादा गेला.

आज मी रेषा नदीपर्यंत ओढली. शेजारच्या टेबलावरची स्मिता वाकून बघत म्हणाली, “सर, तिथं एकही फोन नाही. शून्य येतंय.”

“येऊ दे.”

“साहेब विचारतील, शेताला कशाला सूचना?”

“त्यांना म्हणावं, कणसं भरली की बघायला या.”

ती हसली, मग माझ्याकडे पाहून आपल्या कामाकडे वळली.

दुपारी वहिनीचा फोन आला. यंदा राखणीला ती स्वतः जाणार आहे. बोलता बोलता तिने सहज विचारलं, “मळ्यात वाजेल ना हो, भाऊजी?”

“वाजेल,” मी म्हणालो. फोन ठेवला आणि ती रेषा पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतली.