माझ्याच आवाजातली अंगाई

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर यथेच्छ टिंगल केली आहे. भोपाळजवळच्या मंडीदीपला एका फॅक्टरीत मी क्वालिटी बघते. मशीन बिघडलं की कारण सापडतंच, हा माझा खाक्या. त्यामुळे हे लिहिताना स्वतःचीच लाज वाटतेय... पण नवऱ्याला सांगून झालं, आता तुम्हाला सांगते.

आम्ही मूळचे नागपूरचे, भोपाळात अरेरा कॉलोनीत भाड्याने राहतो. मुलगी इरा, चार वर्षांची. मी कामावर असले की तिला सुनीता सांभाळते. दुपारी झोपवायला आम्हीच कार्टूनची सवय लावली, आणि मग पोरगी कार्टून बघता बघता झोपेनाशीच झाली. डोळे लाल, सतत किरकिर. डॉक्टरांनी झापलं — स्क्रीन एकदम बंद!

मग मी शक्कल लढवली. सिम काढलेल्या जुन्या फोनवर माझी अंगाई रेकॉर्ड केली. वायफायसुद्धा बंद. सहा मिनिटं, शेवटी कुकरची शिट्टीही आलीय. फोन पालथा ठेवायचा, नुसता आवाज. आणि इरा झोपू लागली हो! ऑफिसात मी फुशारक्या मारत फिरले.

एका रविवारी मी स्वतः म्हणायला बसले, तर तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. "तू नको. फोनवाली आई लाव."

मी हसले. पण लागलं मनाला, खोटं कशाला बोलू?

पुढच्या शनिवारी हाफ डे मिळाला. न कळवता अडीच वाजता घरी आले. सुनीता गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती, खोलीतून माझाच आवाज येत होता. मी दाराशी चपला काढल्या... आणि अंगाई मध्येच थांबली.

"आई आली," माझा आवाज म्हणाला. अगदी हळू, लाडात. "डोळे मिटून घे. झोपल्यासारखं कर."

मी तशीच आत धावले. इरा डोळे मिटून पडलेली, फोन उशीशी पालथा. तिथेच बसून रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं — अंगाई, शिट्टी. बस्स.

सुनीताला विचारलं, "तूने कुछ सुना?"

ती म्हणाली, "दीदी, आप ही तो रोज फोन लगाती हो. आधा-आधा घंटा बतियाती हो बिटिया से." मी दुपारी एकदाही फोन केलेला नव्हता.

नवरा म्हणतो, "थकली होतीस गं तू." मान्य, थकले होते. मग सुनीता काय रोज थकत होती?

फोन मी त्याच दिवशी फोडला. इरा रडली नाही, तिने हट्टही केला नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. आता फोन नाही, टीव्ही नाही, तरी दोन वाजले की ती डोळे मिटते. डॉक्टर खूश आहेत. मी रजा टाकलीय, रोज तिच्या शेजारी बसते. श्वास संथ चाललेला असतो, पापणीही हलत नाही. याचा उलगडा तुमच्यापैकी कुणाला होत असेल तर सांगा, मला अजून झालेला नाही... लेक झोपलीय, की मी उठून जायची वाट बघतेय, हे तिची आई असूनही मला सांगता येत नाही.