कबरस्तानाचा बांध

आमच्या वाईकडच्या गावात मुसलमानांची घरं चारच. त्यातल्या एका घरातली मावशी अख्ख्या गावाला बांगड्या भरायची. माझ्या हातात पहिली बांगडी तिनंच चढवली. मी भोकाड पसरलं की म्हणायची, "रडू नगं गं बाय, हात सैल सोड."

तिच्या मालकाची कबर कबरस्तानाच्या कडेला, आमच्या उसाला लागून होती. दर गुरुवारी ती तिथं ऊदबत्ती लावायची. आमच्याकडं बांध कोरणं कुणाला पाप वाटतच नाही, सख्ख्या भावाचाही कोरतात. पण भाऊ कोर्टात जातो, मेलेला माणूस कुठं जाणार? दर नांगरटीला माझे वडील, आबा, नांगराच्या एका रेघेएवढे कबरस्तानात आत सरकायचे. मावशी आईला हसून म्हणायची, "तुजा ऊस माज्या मालकाच्या उशाशी आलाय की गं!" आईही हसायची. मग एका वर्षी कबर उसातच गेली. मावशी बांधावर ऊदबत्ती लावू लागली. "मला मालकाशेजारीच ठेवा," एवढंच ती सगळ्यांना सांगायची. आबांनाही सांगितलं होतं. "व्हय की," म्हणाले होते आबा.

ब्याण्णवच्या हिवाळ्यात दंगलींनी मुंबई पेटली. पारावर रेडिओ ऐकताना आबा छाती ठोकून म्हणाले, "आपल्या गावात असलं व्हनार न्हाई. आपन सगळी एक हाय." आणि त्यांना ते मनापासून वाटत होतं. त्याच आठवड्यात मावशी गेली.

तिचा लेक सकाळीच दारात आला. "आबा, आईला बाशेजारी ठिवायचं हाय. दोन सऱ्यांतला ऊस तोडून जागा मोकळी करून द्या."

"उबं पीक हाय रं. तोडणी झाली की बगू."

"तवर मयत कसं ठिवू, आबा?"

आबा गोठ्याकडं वळले. मी दाराआड उभी. एरवी घर डोक्यावर घेणारी मी, तेव्हा माझं तोंड कुणी शिवलं होतं? लेक निघून गेला.

मावशीला पार पलीकडं, ओढ्याच्या कडेला पुरलं. आबा मातीला गेले, मूठभर माती घातली आणि ढसाढसा रडले. ते रडणं खोटं नव्हतं, म्हणून तर मला त्यांचा जास्त राग येतो.

महिन्याभरानं ऊस तुटला. आबांनी लेकाला बोलावून घेतलं. "रान मोकळं झालंय. तुझ्या बाची जागा दाखव, चार दगड मांडून देतो."

"आता आईला उकरून आनू व्हय, आबा?" तो म्हणाला. हात जोडले आणि गेला.

आबांनी दगड काही मांडले नाहीत. तुटल्या उसाच्या बुडख्यांतून कोंभ वर आले, तेव्हा नांगर न घालता तोच ऊस पुन्हा राखला. पहिलं पाणी सोडलं, तेव्हा आबांना ताप होता. खोरं घेऊन सरीसरीत पाणी मीच फिरवलं. त्या दोन सऱ्यांतही.