मांजरीवर फवारणी

द्राक्षांवरच्या थ्रिप्सचं औषध मी घरच्या मांजरीवर फवारलं.

तेही नीट विचार करून. शेपटीच्या मुळाशी खाजवून खाजवून तिचे केस गेले होते, कातडी लाल झाली होती. केस बाजूला सारले की पिसवा टुणकन आत पळायच्या. सोफ्यावर टेकलं की माझ्याही पोटऱ्यांना चावे. बायको रोज म्हणायची, "हिला नाशकात डॉक्टरांना दाखवून आणा." मी म्हणायचो, "एवढा बाग सांभाळतो, एक मांजर जड आहे का मला?"

एप्रिलातल्या खरड छाटणीनंतर वेलींच्या नव्या फुटीवर मारलेलं औषध बाटलीत उरलं होतं. थ्रिप्सही किडा, पिसूही किडा. डोस मात्र अर्धा केला. स्वतःच्या समंजसपणाचं मला कौतुकच वाटलं. काचा पुसायच्या फुसफुस बाटलीत पाणी भरलं, त्यात औषध मिसळलं आणि शेपटीपासून मानेपर्यंत दोन्ही अंगांनी छान कव्हरेज दिलं.

थोड्या वेळानं तिचे कान फडफडायला लागले. मग पाय. मग सगळं अंगच थरथरायला लागलं, तोंडातून लाळ गळायला लागली.

"अहो, हिला काय झालं?"

"थंडी वाजत असेल."

"मे महिन्यात?"

औषधाची बाटली बायकोला दिसली. पुढचं ती जे बोलली ते इथे लिहीत नाही. तिनंच डॉक्टरांना फोन लावला. भांड्यांच्या साबणानं कोमट पाण्यात धुवा, टॉवेलात गुंडाळा, आणि निघा लगेच, असं ते म्हणाले. आम्ही धुतली. द्राक्षाच्या क्रेटमध्ये ठेवली, वर दुसरं क्रेट उपडं घालून सुतळीनं बांधलं, आणि ओझरहून नाशकाला निघालो.

तिच्या थरथरीनं वरचं क्रेट खडखडत होतं. खडखडतंय तोवर जीव आहे, एवढंच मला कळत होतं. आवाज थांबला की मी ब्रेक दाबून मागे बघायचो, सुरू झाला की पुन्हा पळवायचो. नाशकात शिरताना द्वारका चौकात गाड्या तुंबलेल्या. मी काच खाली घेतली, वर केली, रेडिओ लावला, बंद केला, हॉर्नवर हातच ठेवला.

"हॉर्ननं बरी होणारे का ती?" मागच्या सीटवर मांडीवरचं क्रेट दोन्ही हातांनी धरून बायको म्हणाली.

डॉक्टरांनी औषधाच्या बाटलीवरचं वाचलं. "लिटरला किती घेतलंत?"

मी अगदी मिलीत सांगितलं. अर्धाच डोस आहे, हेही सांगितलं.

"आणि मांजर किती एकर आहे?"

मग इंजेक्शन देता देता त्यांनी समजावलं, की झाडाला काय, कुत्र्यालाही चालणारी काही औषधं मांजरीचं शरीर पचवूच शकत नाही. सलाईन लावलं, ठेवून घेतलं. सकाळपर्यंत काही सांगता येणार नाही, म्हणाले. त्या रात्री झोप कसली. चावत नसतानाही मी सगळीकडे खाजवत होतो.

सकाळी फोन आला: उठून बसलीय, दूध नको, मासे मागतेय.

आणायला गेलो तेव्हा माझ्याकडे तिनं पाठच केली. डॉक्टर म्हणाले, "पिसवा अंगावर थोड्या असतात, घरात जास्त. अंडी अंथरुणात पडतात. ही झोपते कुठे?"

"तिची टोपली आहे," मी म्हणालो.

"यांच्या गोधडीत," बायको म्हणाली. "धुवू देत नाहीत ती. मऊपणा जातो म्हणे."

मग डॉक्टरांनी एक इवलीशी नळी काढली: पिसवांवरचे थेंब, पुढच्या आठवड्यात मानेवर, तिला चाटता येणार नाही अशा जागी घालायचे. मी हात पुढे केला. त्यांनी ती माझ्या हातावरून नेऊन बायकोला दिली.

"हे ताईंकडे राहू द्या. तुम्ही गोधडी धुवा."