लिस्बनला दोघंच

आमच्या घराण्यात सहल म्हणजे मिनीबस. कुणी नुसतं 'गणपतीपुळ्याला जाऊन यायचं का' असं पुटपुटलं, तरी संध्याकाळपर्यंत बसवाला ठरतो आणि वहिनी पुऱ्यांचं पीठ मळायला घेतात. आमच्या मधुचंद्रालासुद्धा आत्या होती. तिला फक्त वाईला सोडायचं होतं. वाई आल्यावर ती म्हणाली, "एवढी आलेच आहे, तर वर महाबळेश्वरला हवा कशी आहे ते बघते." हवा चांगली होती. ती आमच्याबरोबरच परतली.

त्यामुळे बायको जेव्हा म्हणाली, "मे महिन्यात लिस्बनला जाऊ, चार दिवस, दोघंच," तेव्हा मी लिस्बनला नाही, 'दोघंच'ला दचकलो.

तिचं माहेर मुर्ध्याचं, भाईंदरजवळच्या, अंगणाअंगणात मासळी वाळवणाऱ्या गावचं. पोर्तुगालात सुक्या मासळीची सोनाराच्या पेढीसारखी चकचकीत दुकानं असतात, हे तिने मोबाईलवर पाहिलं होतं आणि ती भारावून गेली होती. पण खरं कारण तिने भांडी आवरताना सांगितलं.

"लग्न झाल्यापासून कुठेही गेलो तरी चहा मीच विचारलाय. मनालीला बर्फात उभी राहून विचारत होते, बिनसाखरेचा कुणाला म्हणून. एकदा मला नदीकाठी बसायचंय आणि कुणीतरी मला चहा विचारायला हवाय. आणि अहो, तिकीट निघेपर्यंत तोंड बंद ठेवा."

मी ठेवलं. मीरा रोडच्या आमच्या छोट्याशा हॉलमध्ये रोज जेवणानंतर बेत आखला जाऊ लागला. ट्रॅम कुठून पकडायची, चढाची गल्ली कुठली टाळायची (माझे गुडघे), नदी दिसेल अशी खोली कुठे मिळेल. ती इतक्या जिद्दीने शोधत होती की मुलीच्या दहावीलाही आमच्या घरात एवढा अभ्यास झाला नव्हता.

मग एका रविवारी आम्ही भाईंदर पूर्वेला दादाकडे मटण खायला गेलो. दादा माझा थोरला भाऊ. दुसऱ्यांदा रस्सा वाढून घेताना मला कंठ फुटला. "दादा, लिस्बनला जातोय आम्ही."

दादाचा घास हातातच राहिला. "अरे वा! मग सगळेच जाऊ की! तू एकटा तिकडे काय करणार?"

"एकटा नाही, ही आहे ना."

"तेच म्हणतोय मी. एकटाच."

जेवण होईपर्यंत विरारची ताई फोनवरून सामील झाली होती, वहिनींनी थेपल्यांची जबाबदारी शेजारच्या गुजराती काकींवर टाकली होती आणि घरच्या ग्रुपचं नाव 'चलो लिस्बन' झालं होतं. बायकोने सगळ्यांना भात वाढला. घरी येताना रिक्षात एवढंच म्हणाली, "तुम्ही बोललात, तुम्हीच मोडायचं. मी तर जाणारच आहे. तुम्ही येताय का, ते ठरवा."

हे ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती भाजी निवडताना बोलावं तसं बोलली.

मी आधी माझ्या स्वभावाला धरून आडमार्ग घेतला. दादाला फोन करून म्हटलं, "फार चढ आहेत रे तिथे."

"शिवनेरी चढलोय मी."

"जेवण अळणी असतं म्हणे."

"तुझी वहिनी ठेचा घेतेय."

"थंडी..."

"मे महिन्यात? डोकं ठिकाणावर आहे ना?"

आता उरला सरळ मार्ग, ज्याचा मला सराव नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परस्पर दादाकडे गेलो. तो टीव्हीसमोर होता, वहिनी मटार सोलत होत्या. चपला काढता काढताच मी म्हणालो, "दादा, आम्हाला दोघांनाच जायचंय." बसलो असतो तर चहा आला असता आणि माझा धीर त्यात विरघळला असता.

दादाने टीव्ही बंद केला. "का? आम्ही परके झालो?"

"नाही रे."

"मग भांडलात का दोघं?"

"भांडायला तरी एकांत कुठे मिळालाय?"

तो हसला नाही. त्याने रिमोट उचलून टीव्हीशेजारी नेऊन ठेवला. त्याचं तोंड पाहून मला वाटलं, जाऊ दे, सगळेच जाऊ. मी तोंड उघडलंही होतं. पण नदीकाठी, एवढ्या लांब जाऊनही, 'बिनसाखरेचा कुणाला' विचारत फिरणारी बायको डोळ्यांसमोर आली आणि मी तोंड मिटलं.

तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "जाऊ द्या हो त्यांना." मग मटार सोलणं न थांबवता, "आणि तुम्ही मला कधी नेताय? दोघंच?"

दादाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या घरात साप सोडला होता.

घरी आलो तेव्हा बायको लॅपटॉप उघडून बसली होती. मी म्हटलं, "सांगितलं."

"काय सांगितलं?"

"दोघंच."

तिने मला एकदा नीट न्याहाळलं, मग खुर्ची सरकवून जागा केली. तिकिटाच्या पानावर आमची नावं भरून झाली होती, फक्त शेवटचं बटण दाबायचं होतं. आता मला खरी भीती वाटली.

"अगं, चार दिवस आपण दोघं बोलणार काय?"

"नाही सुचलं तर गप्प बसू," ती म्हणाली आणि तिने बटण दाबलं.