लेकीनं मागितलेला रिपोर्ट

दोह्यात मी घरून भाषांतराची कामं करते. गेल्या हिवाळ्यात एक पुस्तिका हिंदीत करायला आली. आफ्रिकेतल्या देशांनी मिळून बायकांच्या हक्कांसाठी केलेल्या कराराची. मूल हवं की नको, कधी हवं, हे बाईनं ठरवायचं. नवऱ्याला एचआयव्ही आहे का, हे जाणून घ्यायचाही तिला हक्क. पोळ्या लाटताना मी वाक्यं मोठ्यानं म्हणून बघते, ही माझी खोड. लेक कान देऊन ऐकतेय हे मला काय माहीत!

त्याच सुमारास अल थुमामातल्या आमच्या फ्लॅटवर मुलाकडची मंडळी आली. माणसं नाशिकची, मुलगा गॅस कंपनीत इंजिनिअर, लेकीला आवडलेला. मी तर मनातल्या मनात हॉलसुद्धा बुक करून टाकला होता. पोहे झाले आणि मुलाच्या आईनं विचारलं, "पत्रिका काढून ठेवलीय ना?"

"ठेवलीय," लेक म्हणाली. "तुम्ही ह्याचा एचआयव्हीचा रिपोर्ट आणलाय ना? माझा तयार आहे."

आमच्या ह्यांना जोरदार ठसका लागला. मुलाचे वडील घाईघाईनं म्हणाले, "अगं, व्हिसाच्या मेडिकलला सगळ्यांचंच होतं की!"

"काका, त्याला किती वर्षं झाली! पत्रिका जन्मभर तीच राहते, रक्ताचं तसं नसतं."

"गप्प बस गं बाई!" मी.

"आई, तूच तर रोज म्हणतेस. करार!"

"तो आफ्रिकेचा आहे!" मी किंचाळले. "आपण कुठे राहतो?"

मुलगा खाली मान घालून हसत होता. त्याची आई मात्र ताडकन उठली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. झालं, खलास! मोडलं लग्न! मला रडूच यायला लागलं. मी मागे धावले. "मनावर घेऊ नका हो, कार्टीला अक्कल नाही."

त्या सिंकपाशी नळ सोडून उभ्या होत्या. "धाकट्या बहिणीचं लग्न मी जमवलं होतं," त्या म्हणाल्या. "पत्रिका दोन-दोन गुरुजींना दाखवली. मुलाला काय झालंय ते त्याच्या घरच्यांना ठाऊक होतं. आम्हाला कळलं ते ती अंथरुणाला खिळल्यावर. पोटातल्या बाळासकट गेली."

त्यांनी नळ बंद केला, पदरानं तोंड पुसलं आणि बाहेर गेल्या.

"हसतोस काय?" मुलाला म्हणाल्या. "उद्याच जाऊन रक्त देऊन ये." मग लेकीला जवळ बसवून घेतलं. "आण बाळा तुझा रिपोर्ट. ती पत्रिका राहू दे."